मिसिंग पकडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

सर्वप्रथम, बॉनेट उघडू नका.

नवशिक्याला ही सूचना विचित्र वाटेल, कारण गाडीने झटके दिले की बॉनेट वर करून आत बघत उभं राहायचं, हीच आपल्याकडची रीत आहे. पण उघड्या बॉनेटचा एक गुणधर्म कुठल्याही मॅन्युअलमध्ये दिलेला नसतो. त्याच्याभोवती माणसं जमतात. सोसायटीचा वॉचमन येतो, दुधाची पिशवी घेऊन परतणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका येतात आणि रविवार असेल तर मेव्हणाही येतो. यांतला प्रत्येक जण इंजिनावर एक नजर टाकून निदान सांगतो, आणि ते निदान म्हणजे त्याच्या स्वतःच्या गाडीला शेवटचं जे झालं होतं ते. वॉचमन म्हणेल, पेट्रोलमध्ये पाणी आहे. काका म्हणतील, पॉइंट घासा. मेव्हणा म्हणेल, विकून टाका. या तिघांपैकी एखादा बरोबरही असू शकतो, आणि खरा धोका तिथेच आहे.

तेव्हा बॉनेट बंद, तुम्ही सीटवर, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, काच खाली. इंजिन चालू करा आणि ऐका.

चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे मिनिटाला १,६०० वेळा आत ठिणगी पडून पेट्रोल पेटायला हवं. त्यातला एक सिलिंडर रुसला तर ४०० ठोके गळतात आणि उरलेले तिघे त्याला फुकट ओढत बसतात. मग स्टिअरिंग थरथरतं, आरशातली मागची गाडी नाचते, पिकअप जातो आणि सायलेन्सरमधून मधूनच ‘फुस्’ असा आवाज येतो. आपण त्याला म्हणतो, गाडी मिसिंग मारतेय.

आता एक अपमानास्पद शंका आधी दूर करून घ्या. मिसिंग खरंच आहे का? थरथरणारी प्रत्येक गाडी मिसिंग मारत नसते. इंजिनाचं माउंटिंग गेलं असेल तर सगळी गाडी हलते, पण ठोके एकसारखे पडत राहतात. फक्त पहिल्या गिअरमध्ये सुटतानाच धडधड होत असेल तर क्लचकडे बघा. आणि तुमच्या गाडीला सिलिंडर किती आहेत, हे कृपया घरातून निघण्यापूर्वी माहीत करून घ्या. १९८३ साली आलेली मारुती ८०० तीन सिलिंडरची होती, टियागो तीन सिलिंडरची आहे, २०२४ सालची स्विफ्टही तीनच सिलिंडरांवर आली. तीन सिलिंडरचं इंजिन तब्येत ठणठणीत असतानाही थोडं डुलतं. चौथा सिलिंडर बंद पडलाय म्हणून गॅरेजवाल्याशी भांडायला जाल आणि चौथा मुळात नव्हताच, असं निघेल. शंका फिटत नसेल तर सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब तळवा धरा. हवा एकसारखी लागली तर ठीक. ठरावीक अंतराने ती अडखळत असेल तर अभिनंदन, तुमच्याकडे खरं मिसिंग आहे.

काकांच्या सल्ल्याचा निकाल इथेच लावून टाकू. काकांनी प्रीमियर पद्मिनी चालवली. त्या गाडीत डेल्कोच्या आत कॉन्टॅक्ट पॉइंट असायचे, ते जळायचे, आणि पॉलिश पेपरची पट्टी त्यांच्यामधून दोनदा ओढली की गाडी पुन्हा सुरू व्हायची. काका ते कुर्ला सिग्नलवरसुद्धा करत असतील. पण पद्मिनीची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून २०२३ साली गेली, आणि पॉइंट व कार्बोरेटर तर नव्या गाड्यांतून त्याच्या कितीतरी आधी गेले. आता ठिणगी कधी पाडायची आणि पेट्रोल किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. तरीही काकांना नाही म्हणू नका. पॉलिश पेपर त्यांच्या हातात द्या आणि गाडीच्या मागच्या बाजूला त्यांना काहीतरी घासायला सांगा.

पायरी १: ‘केव्हा?’ असं विचारा

नवशिक्या पहिला प्रश्न विचारतो तो ‘काय बिघडलं?’ हा. हा प्रश्न महाग आहे, कारण त्याची उत्तरं स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात. प्लगचा सेट, मग कॉइल, मग इंजेक्टर, मग कुठलातरी सेन्सर, अशा हप्त्यांनी संपूर्ण गाडी नवी करून घेणारे सज्जन प्रत्येक शहरात आहेत. शेवटी मिसिंग एका सैल नळीचं निघतं. ‘केव्हा बिघडतं?’ हा प्रश्न मात्र फुकट आहे आणि अर्ध्याहून अधिक काम तोच करतो.

सिग्नलला उभी असताना मिसिंग मारते आणि जरा रेस दिली की शहाण्यासारखी वागते, असं असेल तर हवेवर संशय घ्या. कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजून त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. शुद्ध पेट्रोल असेल तर एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा. कुठेतरी रबरी व्हॅक्युम पाइप चिरला असेल किंवा मॅनिफोल्डचं पॅकिंग बसलं असेल तर न मोजलेली हवा मागच्या दाराने आत शिरते. उभ्या इंजिनाला हवा लागतेच थोडी, त्यामुळे ही चोरटी हवा तिथे भारी पडते. रेस दिली की आत येणाऱ्या एकूण हवेत ती विरून जाते. कान लावलात तर ‘सुस्स’ असा आवाजही येतो. गळती शोधायला तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारायची पद्धत गॅरेजमध्ये दिसते. तुम्ही ती वापरू नका. पेट घेतला तर मिसिंगचा प्रश्न कायमचा सुटतो, पण विमा कंपनीचा सुरू होतो.

याच्या नेमका उलटा प्रकार खंबाटकीत कळतो. गावात गाडी लोण्यासारखी चालते आणि साताऱ्याकडे जाताना घाट लागला, तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की धक्के देते. हा बहुतेक वेळा ठिणगीचा दोष. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरतं, दाब वाढतो, आणि दाबलेल्या वायूतून ठिणगी उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजून त्याची फट वाढली असेल तर आणखी जास्त. थकलेली कॉइल सपाट रस्त्यावर तेवढं पुरवते आणि चढावर हात टेकते. मग वीज प्लगच्या टोकाशी न जाता रबरी बुटातल्या एखाद्या बारीक चिरेतून सरळ इंजिनाच्या धातूत उतरते. चढ तोच, पण पाच माणसं बसलेली असताना मिसिंग आणि एकट्याने गेलात तर नाही, असंही होतं. मेव्हणा गाडीत बसला की गाडी बिघडते, या तुमच्या जुन्या समजुतीला इथे भौतिकशास्त्राचा आधार मिळतो.

सीएनजीवाल्यांचं काम सोपं आहे, कारण देवाने त्यांना एक बटण दिलंय. मिसिंग मारत असताना बटण दाबून पेट्रोलवर या. थांबलं, तर दोष सीएनजीच्या बाजूचा, म्हणजे फिल्टर, रिड्यूसर, गॅसचे इंजेक्टर. पण थांबा, यात एक मेख आहे. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त ताकदीची ठिणगी लागते. त्यामुळे म्हातारे प्लग आधी सीएनजीवरच उघडे पडतात आणि पेट्रोलवर आणखी काही महिने सभ्य वागतात. किट बदलायला निघण्यापूर्वी प्लग बघा. दोन्हीवर मिसिंग मारत असेल तर सीएनजीवाल्याला शिव्या देणं थांबवा.

बाकीचं भराभर. एक्स्प्रेस-वेवर बराच वेळ वेगात गेल्यावर दम लागत असेल तर पेट्रोल कमी पोचतंय, पंप आणि फिल्टर पाहा. फक्त पावसात होत असेल तर कॉइलचे बूट, आणि जुन्या गाडीत प्लगच्या वायरी. अशा वायरींवर रात्री अंधारात पाण्याचा हलका फवारा मारला की निळ्या ठिणग्या पळताना दिसतात. बघायला मजा येते, हात लावायला नाही, कारण तिथे २०,००० व्होल्टहून अधिक दाब असतो. सकाळी पहिली दोन मिनिटंच मिसिंग, सोबत पांढरा धूर आणि दर महिन्याला कूलंट कमी, असं त्रिकूट असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि घरच्यांना खर्चाची कल्पना द्या.

आणि एक कारण आहे जे पुस्तकांत फार मागे छापतात. गाडी काल सर्व्हिसिंगहून आली आणि आज मिसिंग मारते. तर काल जिथे जिथे हात लागला तिथे बघा. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप, मागे राहिलेली नळी, अर्धा बसलेला कनेक्टर. तो ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. एवढ्यावर बरी होणारी गाडी पाहून नवशिक्याला थोडं वाईट वाटतं, कारण त्याने पान्यांचा सेट नुकताच मागवलेला असतो.

पायरी २: दिवा आणि कोड

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा असतो. तो स्थिर पेटला असेल तर गाडी तुम्हाला काही सांगू पाहतेय, सवडीने ऐका. तो उघडझाप करत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या, आणि जमलं तर टोचन करून न्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं, तो लाल होईपर्यंत तापतो आणि आतली जाळी वितळते. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असतात. त्याची किंमत ऐकल्यावर उघडझाप तुमच्या पापण्यांची होते. ‘घरापर्यंत तर जाईल’ या वाक्याने जितके कन्व्हर्टर खाल्ले तितके कुठल्याही बिघाडाने खाल्ले नसतील.

गेल्या दहाएक वर्षांतल्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर स्वस्तात मिळतो, आणि कोड मोबाइलवर दिसतात. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्याचं, याच ओळीने पुढे. पी०३०० म्हणजे सगळीकडे थोडं थोडं. तेव्हा एका कॉइलच्या मागे न लागता सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी पाहा, म्हणजे हवा, पेट्रोल, टायमिंग.

गाडीला हे कळतं कसं? क्रँकशाफ्टच्या दात्यांवर एक सेन्सर डोळा ठेवून असतो. सिलिंडर पेटला की क्रँकला ढकल मिळते, नाही पेटला की तो किंचित मंदावतो, आणि कुणाच्या पाळीला मंदावला यावरून गुन्हेगार ठरतो. यात एक अडचण कारखानदारांच्या आधीच लक्षात आली होती. खराब रस्त्यावर चाकं आपटली की क्रँकही तसाच अडखळतो. म्हणून कित्येक गाड्यांत खडबडीत रस्ता ओळखून तेवढ्यापुरती ही मोजणी थांबवायची सोय असते. आपल्या काही रस्त्यांवर ही मोजणी पुन्हा सुरू केव्हा होत असेल, हा अभ्यासाचा विषय आहे.

कोड म्हणजे पत्ता, आरोपपत्र नाही. ‘पी०३०२ आला, कॉइल बदला’ असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, कॉइलच कशी? प्लग, इंजेक्टर, व्हॉल्व्ह, सगळे त्याच पत्त्यावर राहतात. आणि कोड पुसून दिवा घालवण्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. दिवा परत येतो, तोपर्यंत तुम्ही पैसे दिलेले असतात.

पायरी २, पुन्हा

तुम्ही दुसरा सिलिंडर चुकीच्या बाजूने मोजला. सगळेच मोजतात. ड्रायव्हरच्या बाजूने, उजवीकडून, जिकडे आपण उभे असतो तिकडून. बहुतेक इंजिनांत पहिला सिलिंडर टायमिंग बेल्ट किंवा चेन ज्या टोकाला असते तिकडचा. चार सिलिंडरच्या गाडीत उलटं मोजलं तर दुसऱ्याऐवजी तिसरा हाती येतो, आणि तुम्ही चांगला प्लग काढून त्याच्या जागी नवा चांगला प्लग बसवता. मॅन्युअल बघा.

पायरी ३: अदलाबदल

ही या विद्येतली सर्वांत देखणी चाल आहे आणि तिला एक रुपया लागत नाही. इंजिन थंड झालंय, बंद आहे, असं धरू. तक्रार पी०३०२ ची आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्याला लावा, तिसऱ्याची दुसऱ्याला. दुसऱ्याचा प्लग चौथ्याला आणि चौथ्याचा दुसऱ्याला. कोड पुसा आणि गाडी जिथे मिसिंग मारते तिथेच फिरवून आणा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली. पी०३०४ आला तर प्लग गेला. पी०३०२ तिथेच ठाण मांडून बसला तर दोघेही निर्दोष, मग इंजेक्टर किंवा सिलिंडरच्या आतलं काहीतरी. एकाच फेरीत तीन संशयितांचा निकाल लागतो.

उत्साहाच्या भरात कॉइल आणि प्लग दोन्ही एकाच सिलिंडरला लावू नका, नाहीतर दोघे मिळून तिकडे गेले एवढंच कळेल. कुणाला कुठून काढलं ते लिहून ठेवा. जुन्या, वायरीवाल्या गाडीत तर नक्कीच, कारण चार सिलिंडर बहुधा १-३-४-२ अशा क्रमाने पेटतात आणि दोन वायरी उलट बसल्या तर गाडी जो आवाज करते त्याने वॉचमन धावत येईल. आणि चालू इंजिनाची कॉइल उपटून ‘बघू कुठला सिलिंडर मेलाय’ हा जुना खेळ नव्या गाडीत खेळू नका. ठिणगी बंद झाली तरी पेट्रोल येतच राहतं, आणि ते कुठे जातं हे वर सांगितलंय. खेळायचंच असेल तर इंजेक्टरचा कनेक्टर काढा.

पायरी ४: प्लग वाचणे

प्लग म्हणजे सिलिंडरची पत्रिका. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ग्रहमान ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओली, तेलकट काळी असेल तर आत ऑइल येतंय. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर मिश्रण पातळ किंवा उष्णता जास्त. चारही प्लग शेजारी ठेवून बघा. एकटाच वेगळा दिसणारा प्लग, चारही एकसारखे वाईट दिसणाऱ्यांपेक्षा जास्त बोलतो.

प्लग काढण्यापूर्वी खड्ड्यात फुंकर मारून धूळ उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाईल. त्या खड्ड्यात ऑइल साचलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. कॉइलचा बूट त्या तेलात भिजून बिघडतो, आणि पॅकिंग न बदलता नवी कॉइल घातली तर तीही त्याच वाटेने जाते. फट फिलर गेजने मोजा. गाडीप्रमाणे ती ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा मॅन्युअलमधला. बसवताना आधी हाताने फिरवा. हेड ॲल्युमिनियमचं असतं. आटे वाकडे लागले आणि तुम्ही पान्याने जोर केला तर प्लगच्या किमतीत वाचवलेले पैसे हेडच्या दुरुस्तीत जातात, वर व्याजही बसतं.

याच पायरीत तुमचा हात कधी कधी एका वेगळ्याच पुराव्यावर पडतो. लेंड्या, कापसाचा चोथा आणि कुरतडलेली वायर. गणपतीच्या वाहनाने तुमचं वाहन खाल्लं. पार्किंगमध्ये पावसाळ्यात उबदार इंजिनासारखी जागा त्याला दुसरी मिळत नाही, आणि इंजेक्टरची वायर त्याच्या दातांना अगदी बेताची असते. त्यावर लोक तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या, मिरचीचा फवारा असं बरंच काही करतात. रोज गाडी हलवणं आणि खालून जाळी लावणं, याला मी जास्त मत देईन. वायर नुसती पिळून टेप लावू नका, नीट सोल्डर करून घ्या.

आता वॉचमनच्या पेट्रोलमधल्या पाण्याबद्दल. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. म्हणजे तुमच्या टाकीत थोडासा ऊस असतो, कदाचित सांगली-कोल्हापूरकडचाही. इथेनॉलला पाण्याची ओढ. पाणी मर्यादेत असेल तर ते मिसळून जळून जातं. जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, आणि पंप तळातूनच ओढतो. महिनोन्महिने अर्ध्या टाकीने उभ्या असलेल्या गाडीत किंवा पुरात बुडालेल्या भागात ही शंका आधी घ्यावी. पण रोज चालणाऱ्या गाडीत फक्त दुसराच सिलिंडर मिसिंग मारत असेल तर पाणी एकट्या दुसऱ्याला कसं सापडलं, हे वॉचमनला विचारा.

पायरी ५: कॉम्प्रेशन, म्हणजे मन घट्ट करा

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, हवा बरोबर आहे, तरी सिलिंडर पेटत नाही. मग तो दाबच धरत नसेल. प्लगच्या जागी गेज लावायचा, पेट्रोल आणि ठिणगी तोडायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. पेट्रोल इंजिनात आकडा बहुधा १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान येतो, पण पाहायचा तो सिलिंडरांमधला फरक. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या, कारण ऑइलने फट बुजवली. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडले असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट. इथे नवशिक्याचा अभ्यासक्रम संपतो. हेड उतरवणं पार्किंगमध्ये करायचं काम नाही, तिथे आधीच काका आहेत.

डिझेल गाडीवाल्यांनी इथवर प्लग शोधत वाचलं असेल तर त्यांना एवढंच सांगतो की त्यांच्या इंजिनात ठिणगी नसते. ग्लो प्लग असतात, ते फक्त थंडीत ऊब द्यायला. तुमचं दुखणं इंजेक्टर, हवा शिरलेली डिझेल लाइन किंवा कॉम्प्रेशनचं.

शेवटची पायरी: गॅरेज

गॅरेजमध्ये जाऊन ‘गाडी मिसिंग मारते’ असं सांगू नका. असं बोलणाऱ्याकडे मिस्त्री ज्या मायेने बघतो ती बिलात उतरते. असं सांगा: ‘गरम झाल्यावर, चढावर, दुसऱ्या सिलिंडरला. कॉइल तिसऱ्याला लावून पाहिली, कोड तिकडे गेला.’ मिस्त्री दोन सेकंद गप्प राहील. मग तो पोराला हाक मारून कॉइल आणायला सांगेल आणि तुम्हाला चहा विचारेल. तुम्हाला एवढं कळत असताना इथे आलातच कशाला, असंही विचारेल. दहा मिलिमीटरचा पाना घरी सापडला नाही, हे खरं कारण सांगितलं तरी चालतं.

कॉइल बसली की पैसे देण्यापूर्वी गाडी गॅरेजच्या दारात रेस देऊन बघू नका, तिथे ती आधीही बरीच होती. ज्या चढावर धक्के देत होती त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, एसी लावून, तेवढीच माणसं भरून न्या. याचा अर्थ मेव्हण्याला बोलवावं लागेल. घाट गाडीने एका दमात चढला तर मिसिंग गेलं. वर पोचताना मेव्हणा म्हणेल की मागच्या डाव्या बाजूने ‘कुईं’ असा आवाज येतोय. तो ब्रेकचा. त्याचं मार्गदर्शन निराळं आहे, आणि घाट उतरेपर्यंत ते तुम्हाला तोंडी मिळेल.